एक सेल उलटा

टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेव.
हसू नकोस. धोडपच्या पायथ्याशी, हट्टी गावात
सॅक उघडली तेव्हा आतून उजेड येत होता,
पिवळा, मरायला टेकलेला.
नाशिकहून निघतानाच बटण कशाखाली तरी दाबलं गेलेलं,
आणि दिवसभर तो बिचारा
माझ्या मोज्यांना वाट दाखवत बसला होता.

फोनला टॉर्च असतो, ठाऊक आहे.
फोनला थंडी वाजते, हे तुला ठाऊक नाही.
निफाडकडे द्राक्षांच्या बागांत पहाटे शेकोट्या पेटतात ना,
त्या थंडीत चाळीस टक्के बॅटरी
बघता बघता शून्य होते.
रात्री फोन पोटाशी घेऊन झोप.

सांडशी घे.
बच्छावनं एकदा खिचडीचं पातेलं मोज्यानं उचललं.
मोजा नायलॉनचा.
सहा जणांची खिचडी गवतात,
आणि आम्ही अंधारात चमच्यांनी
मातीला न लागलेली, वरवरची वेचून खाल्ली.
त्याच्या बोटांना कुणीतरी टूथपेस्ट फासली.
ते चुकलंच. भाजलं तर नुसतं गार पाणी,
खूप वेळ, कंटाळा येईपर्यंत.
त्याचा अंगठा अजून गुळगुळीत आहे;
बँकेतलं मशीन त्याला ओळखत नाही.

गंगापूर धरणाच्या काठी
आम्हाला गादीसारखी जागा मिळाली होती, मऊ, जराशी खोलगट,
आणि आम्ही स्वतःला नशीबवान समजलो.
ऑक्टोबरातला उशिराचा पाऊस, तासभरच.
दोन वाजता देवरेची चप्पल
माझ्या उशाजवळून तरंगत गेली.
जमीन जिथे मऊ, तिथे आपल्याआधी पाणी झोपून गेलेलं असतं.
तंबू उंचवट्यावर लाव, पाठीला बोचलं तरी.
आणि लावण्याआधी वर बघ:
वाळकी फांदी, कड्याच्या पोटाला लटकलेलं काळं काही.
आग्यामोहोळ असेल तर तिथे चूल नाही, सेंट नाही,
आणि तुमचं ते ओरडून फोटो काढणं तर नाहीच.

अंजनेरीवर प्लास्टिकची पिशवी वाजवायची नाही.
माकडांना तो आवाज आपल्यापेक्षा चांगला कळतो.
सगळं फडक्यात बांध. चिवडासुद्धा.

बूट झटकून घाल, हे सगळेच सांगतात.
मी एकदा नाही झटकले.
विंचू नव्हता, बेडूक होता,
पण माझी किंकाळी ऐकून शेजारच्या तंबूतला माणूस पळत सुटला
आणि पाय मुरगळला तो त्याचा.

अजून एक. जागी आहेस ना?
हरिहरहून उतरताना आम्ही चुकलो.
वाट तीच होती, सकाळी चढलो ती.
पण चढताना तिचा चेहरा बघितला होता,
पाठ बघितलीच नव्हती.
पाच जण एका कपारीत, एक चादर, अर्धी बाटली पाणी,
हेमांगी तापानं फणफणलेली, आणि मी
मोठ्यानं पाढे म्हणत होते, एकोणतीसचा,
कारण गाणी संपली होती.
उजाडल्यावर सरपणाला आलेली झिपरीबाई
आम्हाला बघून आधी पोटभर हसली.
वाट शंभर पावलांवर होती.
म्हणाली, "वर जाताना मागं वळून बघत नाय का तुम्ही?"

तेव्हापासून मी वळते. दर थोड्या वेळानं.
फुटका दगड, वाकडं करवंदीचं जाळं,
माझ्याकडे पाठ करून उभा असलेला एखादा उंबर.
तुझे बाबा चिडवायचे,
फिरायला निघालीस की निरोप घ्यायला?

झोपलीस वाटतं.
त्र्यंबकची गाडी सहाची आहे.
पाण्याची एक बाटली सॅकच्या तळाशी ठेवली आहे,
तिच्यावर पट्टी चिकटवून लिहिलंय, 'उतरताना'.
तू काढून ठेवलेली सांडशी
बाजूच्या कप्प्यात पुन्हा सरकवली.
एक सेल उलटा घातला.
बटण दाबून पाहिलं. अंधार.
बरोबर आहे.